ताठ बसायची गाडी

फोटोत त्याचा उजवा पाय हवेत लोंबकळत होता.

"बघा काका, कसली भारी पोज आलीय!" असं म्हणून शोरूममधल्या विक्रेत्या मुलीनं फोन त्याच्यापुढे धरला, तेव्हा त्यानं आधी पाठ बघितली, कारण पाठ बघायलाच तर तो इथं आला होता. पाठ ताठ होती. खांदे सैल, कोपरांना जेमतेम वाक, हनुवटी वर. चौपन्नाव्या वर्षी आपला असा फोटो निघेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं, आणि त्या खुशीतच तो फोटोत खाली खाली बघत गेला नि पायाशी येऊन अडकला. गाडीचे पाय ठेवायचे दोन्ही फूटरेस्ट दिसत होते, एक जवळचा आणि एक पलीकडचा, इंजिनाखालून डोकावणारा. पलीकडचा डावा बूट आपल्या जागी नीट बसला होता. उजवा मात्र फूटरेस्टच्या चार बोटं खाली, टोक जमिनीकडे, वाळत घातल्यासारखा. आता भानगड अशी, की फोटो काढला त्या क्षणी दोन्ही पाय आपापल्या जागी आहेत याची त्याला खात्री होती. नुसती खात्री नव्हे, उजव्या तळव्याला रबराच्या रेघा लागत होत्या. म्हणजे जे लागत होतं ते तिथं नव्हतंच. मुलगी म्हणाली, "फक्त हा पाय जरा वर घ्या, ब्रेकपाशी, मी परत काढते," आणि त्याच्या तोंडून ताबडतोब निघालं, "मुद्दाम सोडलाय गं. जमीन किती लांब राहते ते बघत होतो." खोटं असं तयार शिवून ठेवल्यासारखं बाहेर आलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. मुलगी हसली. त्यानं मान खाली घालून उजव्या पायाकडे बघितलं, बघत बघत तो उचलला आणि फूटरेस्टवर ठेवला. बघितलं की पाय ऐकायचा. बघितल्याशिवाय ऐकत नव्हता.

बायको तिकडे काचेजवळ, गाडीच्या दोन्ही बाजूंना लावायच्या सामानाच्या पेट्या उघडून बघत होती. तिनं एका पेटीत कोपरापर्यंत हात घातला, बाहेर काढला, मग आपली पर्स आत ठेवून झाकण लावलं आणि पुन्हा उघडून पर्स काढून घेतली. ती एका लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलावर काम करायची, आणि कुठल्याही खोक्यात घडी केलेले किती कपडे बसतील हे तिला नुसत्या हातानं कळायचं. "अहो," ती तिथूनच ओरडली, "आठ दिवसांचं मावेल हो यात! तुमचा मफलर सोडून." तो हसला. हसताना आपला चेहरा नीट हसतोय ना, असं त्याच्या मनात येऊन गेलं. हल्ली त्याला स्वतःच्या कुठल्याच अवयवाचा भरवसा वाटत नव्हता.

ताठ बसायची गाडी हवी, हे खूळ त्याचंच. गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात तो कटर होता. लोक त्याला मास्तर म्हणत. बत्तीस वर्षं कमरेत वाकून, कापडाच्या थरांवर खडूनं रेघा मारत आणि कापत त्यानं दवाखान्यांचे, हॉटेलांचे, पहारेकऱ्यांचे कपडे बेतले होते. त्याच्या पाठीला टेबलाची उंची लागून गेली होती. आधीची त्याची मोटरसायकलही अशी, की हँडल खाली आणि पुढे, पाय मागे, बसलं की पुन्हा कटिंगलाच बसल्यासारखं. "आयुष्यभर वाकलो," तो बायकोला म्हणायचा, "आता जाईन तर ताठ बसून जाईन." जायचं कुठे हेही ठरलेलं होतं. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी बायकोनं एका कॅलेंडरवरचं चित्र कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं: समुद्राच्या कडेकडेनं जाणारा रस्ता आणि तो जिथे संपतो तिथे एक दीपगृह. कपाट दोनदा बदललं, चित्र प्रत्येक वेळी नव्या दारावर गेलं. मुलगी झाली, शिकली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. चित्रातला समुद्र पिवळा पडला. आता, बायको म्हणाली होती, अजून थांबलो तर दीपगृहच जागेवर राहायचं नाही. म्हणून गेले तीन रविवार ते दोघं शोरूम पालथी घालत होते, आणि तो कुठल्याही गाडीवर बसला की तिच्या इंजिनाबद्दल एक अक्षर न विचारता हँडल छातीपासून किती लांब, सीट किती रुंद, गुडघ्यात किती वाक येतो, हेच बघायचा. पहिल्या शोरूममधला माणूस वैतागून म्हणाला होता, "साहेब, गाडी घ्यायचीय की शर्ट?" आजची ही गाडी उंच होती, हँडल आपणहून हाताशी येत होतं, समोर वारा अडवणारी काच, आणि पाय कमरेच्या बरोब्बर खाली. बसल्यावर मणका मणक्यावर जाऊन बसल्यासारखं त्याला वाटलं होतं. किती सुख वाटलं होतं! आणि ते वाटत असतानाच पाय लोंबकळत होता.

त्याला आत्ता एक गोष्ट कळली. गेलं वर्षभर तो मान खाली घालून चालत होता. जिन्यात, रस्त्यावर, कारखान्यातल्या गठ्ठ्यांमधून, सगळीकडे. लोक म्हणायचे, मास्तर विचारात असतात. विचार कसला आलाय, तो पाय बघत होता. पाय डोळ्यांच्या ताब्यात होता म्हणून चालत होता. ताठ बसलं, समोर बघितलं, की पाय दिसेनासा होणार. म्हणजे ज्या सुखासाठी तीन रविवार घालवले त्याच सुखात पाय हरवायची सोय होती.

सुरुवात चपलेपासून झाली होती. एकदा जिना चढून दारात आला तर उजव्या पायात चप्पल नव्हती, ती खालच्या मजल्यावर पडलेली. अनवाणी वीस पायऱ्या चढलो आणि कळलं नाही, या गोष्टीवर तो तेव्हा हसला होता. मग दुसऱ्यांदा झालं, तेव्हा हसला नाही. बंद बूट घ्यायला लागला. मग एके दिवशी दुपारी, सगळे जेवायला गेले असताना, कारखान्याच्या ट्रायल रूमची कडी लावून त्यानं पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि गळ्यातली टेप काढून दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी साडेतेरा. उजवी साडेबारा. माणसाचे दोन पाय कधीच तंतोतंत सारखे नसतात हे कटरला कोणी सांगायला नको. पण अख्खा इंच? त्यानं टेप सैल धरली, परत मोजलं, घट्ट धरली, परत मोजलं. दोन महिन्यांनी उजवी सव्वाबारा भरली. नंतर बारा. तो दर महिन्याला जेवणाच्या सुट्टीत कडी लावून मोजायचा, आणि आकडा कुठेही लिहायचा नाही, जणू लिहिला तर तो खरा ठरेल.

लिहिण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगायला हवं. त्यांच्या धंद्यात एक रीत होती. कटर माप घेतो आणि मोठ्यानं आकडा सांगतो, आणि दुसरा माणूस वहीत उतरवतो. त्यांच्याकडे वही धरायला एक म्हातारा कारागीर असायचा, सतत तोंडात टाचण्या धरलेल्या, म्हणून त्याला सगळे टाचणी म्हणत. गिऱ्हाइकाचा एक खांदा उतरलेला असला, पाठीला पोक असलं, एक पाय आखूड असला, तर कटर आकड्यानंतर नुसतं "टिंब" म्हणायचा. टाचणी त्या आकड्याशेजारी एक टिंब द्यायचा. कापताना त्या टिंबावरून कुठे भर घालायची, कुठे कापड चोरून आत घ्यायचं ते ठरायचं, आणि कपडा असा उतरायचा की माणूस आरशात सरळ दिसायचा. टिंब म्हणजे काय हे गिऱ्हाईक कधी विचारत नसे, आणि विचारलंच तर सांगायचं नाही. त्याचे वडीलही शिंपी होते, ही रीत त्यांनीच त्याला शिकवली होती. "ज्याचं आहे त्याला ठाऊक असतं," ते म्हणायचे. "आणि ठाऊक नसेल तर आपण कोण सांगणारे?" घरी जेवताना तो बायकोला हे किस्से सांगायचा, नाव न घेता. आज एका पहारेकऱ्याला तीन टिंबं, तरी पठ्ठ्या दरवाज्यात उभा राहिला की सरदार दिसेल. ती हसून हसून बेजार व्हायची.

म्हणून मग त्यानं तेच केलं जे तो कुणासाठीही करत आला होता. उजव्या पायात पँट फडफडायला लागली तेव्हा त्यानं स्वतःच्या चारही पँटींची उजव्या पायाची शिवण उसवली, गुडघ्यापासून खाली हातानं बारीक टाक्यांनी आत घेतली, मोहरी, म्हणजे खालचा घेर, जुळवली. आरशात दोन्ही पाय सारखे दिसायला लागले. इतकं बेमालूम काम झालं की त्याला थोडा अभिमानसुद्धा वाटला, काय म्हणावं याला! आणि तेव्हापासून आपल्या पँटींना तो घरी स्वतःच इस्त्री करू लागला. "तू दिवसभर तेच करतेस, घरी कशाला," असं म्हणाला होता. बायको म्हणाली होती, "अरे वा, सूर्य कुठे उगवला आज!" पण आज सकाळी ही करडी पँट पलंगावर कडक इस्त्री होऊन पडलेली दिसली, तेव्हा तो चरकला. ती तिनं गुपचूप लाँड्रीत नेली होती, आजच्यासाठी. त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं. ती चहा गाळत होती. काही बोलली नाही, म्हणजे सुटलो, असं म्हणून त्यानं पँट चढवली.

वडिलांचा विचार करायचा नाही असं त्यानं ठरवलं होतं, आणि विचार सारखा तिथेच जायचा. वडिलांचं पायानं चालवायचं शिवणयंत्र होतं, घरातच, खिडकीपाशी. तो तेव्हा विशीतला होता, त्याच खोलीत जमिनीवर बसून कापायचा. यंत्राचा आवाज इतका सवयीचा की तो ऐकूच येत नसे, घड्याळासारखा. एका दुपारी तो आवाज ऐकू आला, म्हणजे बंद झालेला ऐकू आला. त्यानं वर बघितलं. वडील दोन्ही हातांनी कापड सुईखालून पुढे सरकवत होते, सावकाश, नेहमीसारखं, ओठ मिटून. सुई वर अडकून राहिली होती. खाली पायडलवर त्यांचे पाय निवांत पडले होते. वडील कापड सरकवत राहिले, एक वीत, दोन वीत, टाका न घातलेलं कापड पलीकडे पडत राहिलं. "बाबा," तो म्हणाला, "मशीन बंद आहे." वडिलांनी चाकाकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि एखाद्या अनोळखी माणसाला रस्ता विचारावा तसं विचारलं, "फिरतंय ना?" त्या प्रश्नानं तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला होता. चौतीस वर्षं झाली तरी तो काटा उतरला नव्हता. नसांचं काहीतरी, डॉक्टर म्हणाले. तेव्हाचे डॉक्टर, तेव्हाची औषधं. त्यानंतर अकरा वर्षं वडील खिडकीजवळच्या खाटेवर होते, आणि आई त्यांना कुशीवर वळवत, उचलत, पुसत होती. शेवटी शेवटी ते विचारायचे, "पाय झाकलेत ना गं?" आई न बघता म्हणायची, "झाकलेत." कधी झाकलेले असायचे, कधी नसायचे. आईच्या मनगटांवर दोन गाठी आल्या होत्या त्या उचलण्यानं, ती गेली तेव्हाही होत्या. आणि अजून एक गोष्ट, जी त्याला या वर्षीच उमगली: त्या दुपारच्या बऱ्याच आधी वडिलांनी यंत्रावरचा दिवा काढून यंत्राखाली टांगला होता. सुईवर उजेड हवा की पायांवर, असं आई थट्टेनं म्हणाली होती. वडील वाकून शिवत नव्हते. वाकून पाय बघत होते. कितीतरी महिने, एका शब्दानं न सांगता.

"काका, जोडीनं एक चक्कर मारून या ना," विक्रेती मुलगी म्हणाली, आणि तो दचकून शोरूममध्ये परत आला. "लांब जायचंय ना तुम्हाला? मग काकूंनी मागे बसून बघायलाच हवं. मागची गल्ली रिकामीच असते, आज सुट्टी, गोदामं बंद. फक्त एक, मागे कोणी बसलं असेल तेव्हा नुसता हाताचा ब्रेक दाबू नका, गाडी पुढे झुकते. पायाचा वापरायचा. उजव्या पायाचा." हे ती अगदी सहज म्हणाली, दिवसातून दहा गिऱ्हाइकांना सांगत असेल तसं. आता सांग, तो स्वतःला म्हणाला. कंबर धरलीय म्हण. पुढच्या रविवारी येतो म्हण. काहीही म्हण. मुलगी दोन हेल्मेट घेऊन आली. बायकोनं तिचं हातात घेतलं, आतून फिरवून बघितलं, आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली. बराच वेळ, त्याला वाटलं, उगीचच बराच वेळ. "काय मग," ती म्हणाली, "बसू का मी?" आणि तो म्हणाला, "बस की." आपल्याच आवाजात, नेहमीच्या. का म्हणाला? नंतर त्यानं हे स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं आणि एकच उत्तर सापडलं, की एकदा नाही म्हटलं असतं तर पुढचं सगळं त्या नाहीच्या मागे उभंच होतं: डॉक्टर, खाट, खिडकी, तिची मनगटं. एक चक्कर. गल्लीच्या टोकापर्यंत. चक्कर मारली की अजून एक दिवस तो धडधाकट माणूस राहणार होता.

गाडी गल्लीत आली. इंजिन गुरगुरत नव्हतं, नुसतं श्वास घेत होतं. बायको मागे बसली, तिचे दोन्ही हात त्याच्या कमरेला आले आणि घट्ट झाले. जरा जास्तच घट्ट, पण ती पहिल्यांदाच एवढ्या उंच गाडीवर बसत होती. त्यानं मान वाकवून उजव्या पायाकडे बघितलं. जागेवर आहे. गाडी सोडली. गल्लीच्या दोन्ही बाजूंना ओढून बंद केलेली शटर, मधूनच एखादं उघडं, भिंतीला टेकवलेल्या रिकाम्या फळ्या, उन्हानं पांढरा पडलेला रस्ता. पुढे बघितलं की पाय जायचा. पायाकडे बघितलं की रस्ता जायचा. त्यानं ठरवलं, एकदा इकडे, एकदा तिकडे. रस्ता, पाय. रस्ता, पाय. दुसरा गिअर डाव्या पायानं पडला, किती शहाणा पाय होता तो! वारा काचेवरून डोक्यावर जात होता, पाठ ताठ होती, आणि त्या भीतीतसुद्धा एक क्षणभर त्याला वाटलं की हे असंच चालू राहील, गल्ली संपून समुद्राचा रस्ता लागेल. त्या एका क्षणात तो पायाकडे बघायचा विसरला.

उघड्या शटरातून एक माणूस उलटा चालत बाहेर आला, खोक्यांनी भरलेली हातगाडी ओढत. त्याची पाठ यांच्याकडे. मास्तरनं ब्रेक दाबला. उजवा पाय खाली गेला, ब्रेक दबला, गाडी मंद होणार हे सगळं त्याला अंगात कळलं, पूर्ण, निःशंक. गाडी मंद झाली नाही. हातगाडी जवळ येत राहिली, खोक्यांवरची चिकटपट्टी दिसायला लागली, आणि त्याच्या डोक्यात वडिलांचा आवाज अगदी शांतपणे म्हणाला, फिरतंय ना? मग त्याच्या हातानं हाताचा ब्रेक जीव खाऊन आवळला. गाडीनं पुढे मुंडी टाकली, बायकोचं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर आपटलं, तिचं सगळं वजन त्याच्या पाठीवर आलं, आणि डावा पाय कुठूनसा जमिनीवर उतरून रोवला गेला. हातगाडी एका वितीवर होती. "ओ साहेब! हॉर्न तरी वाजवा की!" तो माणूस म्हणाला, बडबडत पुढे गेला, खोकी पलीकडच्या शटरात गेली आणि गल्ली पुन्हा रिकामी झाली. त्यानं खाली बघितलं. उजवा पाय ब्रेकच्या बाजूला, हवेत, टोक खाली करून लोंबकळत होता.

त्यानं चावी फिरवली. "उतर," तो म्हणाला. ती उतरली. त्यानं डाव्या पायानं गाडी स्टँडवर लावली, हातानं पँट धरून उजवा पाय सीटवरून ओढून काढला, आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "माझा उजवा पाय कुठे असतो ते मला कळत नाही. वर्ष झालं." बोलून झाल्यावर तो गोदामाच्या पायरीवर बसला.

तिनं हेल्मेट काढलं. "परवा कळलं मला," ती म्हणाली.

तो तिच्याकडे वळला.

"दिवसाला साठ पँटी दाबते मी. पाय एकावर एक ठेवल्याशिवाय इस्त्रीची रेघ पडत नाही. तुमचे जुळेनात. मला वाटलं, मीच वाकडी धरलीय. तीनदा झटकून धरली. मग उलटी केली, तर शिवण उसवून परत घातलेली, इतकी बारीक, हातानं. तुमचा टाका मी ओळखणार नाही होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून. काल दिवसभर वाट बघितली. आज सकाळी पँट मुद्दाम समोर ठेवली. बसमध्ये म्हटलं, आता बोलतील. त्या पोरीनं हेल्मेट दिलं तेव्हा म्हटलं, आता तरी. मला मागे बसवायच्या आधी तरी बोलतील." हेल्मेटचा पट्टा तिनं बोटाभोवती गुंडाळला, सोडला. "तुम्ही गाडी सुरू केलीत."

वर्षभर तो ज्याला भीत होता ती खाट, खिडकी, वडिलांचे उघडे पाय, ते सगळं एकदम लांब गेलं आणि त्या जागी तिचं हे एक वाक्य येऊन बसलं. वडिलांनी निदान मागे कुणाला बसवलं नव्हतं. "मला वाटलं," तो म्हणाला, आणि काय वाटलं ते त्याला सांगता येईना.

"मी बसले ही माझीही चूकच," ती म्हणाली. "मेले असते तर दोघांच्या मूर्खपणानं मेले असते. पण मला बघायचं होतं, की तुमच्या गिऱ्हाइकांतलीच मीही एक आहे की काय. झाकून द्यायचं आणि आरशापुढे उभं करायचं." तिनं डोळे पुसले, रागानंच. मग पायरीवर त्याच्या शेजारी बसली. समोर ती उंच, देखणी गाडी उन्हात उभी होती. "किती आहे?" तिनं विचारलं.

"काय?"

"माप."

बत्तीस वर्षं मोठ्यानं आकडे सांगितलेला माणूस, पण जीभ उचलेना. "डावी पोटरी साडेतेरा," तो म्हणाला. "उजवी पावणेबारा."

"टिंब," ती म्हणाली. ती हसत नव्हती.

"बाबांचं जे होतं तेच असेल तर?"

"ते डॉक्टर सांगेल. तुम्ही नाही सांगायचं आणि मीही नाही. उद्या सुट्टी टाकते."

"पण तेच असलं तर?"

'काही होणार नाही,' असं ती म्हणाली नाही. ती म्हणेल असं त्याला वाटलं होतं, आणि ती म्हणाली नाही. तिनं आपला उजवा हात त्याच्यापुढे पालथा धरला. इस्त्रीच्या वाफेनं जागोजाग डागलेला तो हात सरळ सरळ थरथरत होता. "हा बघा," ती म्हणाली. "परवापासून असाच आहे. काल एका गिऱ्हाइकाची कॉलर जाळली मी. मला भीती वाटते, अहो. तुमच्याइतकीच वाटते. पण आता निदान एकाच गोष्टीची तरी वाटतेय दोघांना." त्यानं तो हात धरला. दोघांचेही हात थरथरत होते, त्यामुळे कोणाचा जास्त ते कळत नव्हतं.

गाडी परत न्यायला हवी होती. ती विक्रेती मुलगी दारात येऊन कपाळावर हात धरून गल्लीत बघत होती. चालवत नेण्याचा प्रश्नच नव्हता. बायकोनं एका बाजूनं हँडल धरलं, त्यानं दुसऱ्या बाजूनं, आणि ते ढकलत निघाले. गाडी जड होती, त्यांच्या कल्पनेपेक्षा पुष्कळच जड. दोन पावलं गेली नि त्याची मान सवयीनं खाली गेली. उजवा बूट, डावा बूट, उजवा. आणि त्याबरोबर हँडल त्याच्या बाजूला ओढलं गेलं, गाडी भिंतीकडे चालली.

"खाली नका बघू," ती म्हणाली. "समोर बघा. पायाकडे मी बघते."

"तुला कसं कळणार?"

"सांगते ना. चला." तिनं मान वाकवून गाडीच्या वरून त्याच्या बुटाकडे डोळे लावले. "उजवा. उचला. अजून. हां, टेकला. डावा. उजवा, उचला."

त्यानं मान वर केली. वर्षभरानंतर पहिल्यांदाच त्याला रस्ता शेवटपर्यंत दिसत होता, आणि पायाखाली काही आहे की नाही हे फक्त तिच्या आवाजावरून कळत होतं.